ग्रँट डफच्या बँफशायरबद्दल काय वाचावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळचा वाईचा, नोकरीसाठी अॅबर्डीनला आलो आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ इथून जवळच्या बँफचा, हे कळल्यापासून त्याच्या मुलखाचा स्थानिक इतिहास वाचायची ओढ लागली आहे. ग्रंथालयात गेलो तर बँफशायरच्या नावाने कपाटभर पुस्तके निघाली. सुरुवात कुठून करू, विकत काय घेऊ आणि कशावर कितपत विश्वास ठेवू?"

ईशान्य स्कॉटलंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत, स्थानिक इतिहासाच्या विभागात, माझी बावीस वर्षे गेली. त्यामुळे ही पुस्तके रोज हाताखालची आहेत. सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण तिच्यामुळे तुमचे दोन-तीन महिने वाचतील. ग्रँट डफ बँफ गावात जन्मला, ८ जुलै १७८९ रोजी, हे खरे. पण साताऱ्याहून परतल्यावर आईच्या माहेरची जी ईडन नावाची जमीनदारी त्याच्याकडे आली, जिच्यामुळे त्याने ग्रँटच्या पुढे डफ हे नाव लावले, ती बँफशायरमध्ये नाही. बँफहून डेव्हरॉन नदीच्या काठाने वर गेले की काही मैलांवर ईडन लागते, पण ते किंग एडवर्ड या पॅरिशमध्ये आहे आणि किंग एडवर्ड मोडते अॅबर्डीनशायरमध्ये. तुम्ही बँफशायरच्या पुस्तकांत ईडन शोधत बसलात तर हाती फारसे लागणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांची हीच चूक झालेली असते: ते काउंटीचे नाव धरून शोधतात. काउंटी हे कपाटावरचे नाव आहे. कागद मात्र पॅरिशच्या नावाने ठेवलेले असतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा, वाड्यांचा आणि शेतांचा गट. जन्म, लग्न, गरिबांना मदत, शाळा, भांडणे, सगळे तिथे नोंदले गेले.

त्यात बँफशायरची हद्द फार वेडीवाकडी. पीटरहेडजवळची सेंट फर्गसची पॅरिश, मधे सगळा अॅबर्डीनशायर पसरलेला असताना, शतकानुशतके बँफशायरची म्हणून मोजली गेली. १८८९ च्या कायद्यानंतर हद्दी सरळ करताना ती अॅबर्डीनशायरला मिळाली. मग १९७५ मध्ये काउंटीच मोडली. बँफ, मॅकडफ, पोर्टसॉय एकीकडे आणि बकी, कलन, कीथ, डफटाउन दुसरीकडे, शेजारच्या मोरे जिल्ह्याकडे गेले. म्हणून आजही निम्मे कागद अॅबर्डीनशायरच्या अभिलेखागारात आणि निम्मे मोरेच्या वारसा केंद्रात, एल्गिनला. घरून निघण्याआधी तुमची पॅरिश कोणत्या बाजूला पडली ते बघा.

आता सुरुवात. पैसे न घालवता सुरुवात करायची तर स्कॉटलंडच्या 'स्टॅटिस्टिकल अकाउंट'ने करा. केथनेसचे जमीनदार सर जॉन सिंक्लेअर यांनी मे १७९० मध्ये देशातल्या प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याला १६० प्रश्नांची यादी पाठवली: जमीन कशी, पीक काय, माणसे किती, मजुरी किती, रोग कोणते, लोकांच्या सवयी कशा. ग्रँट डफ तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. उत्तरे येत गेली तशी छापली आणि १७९१ ते १७९९ मध्ये २१ खंड निघाले. आली तशी छापल्यामुळे एका काउंटीच्या पॅरिशी वेगवेगळ्या खंडांत विखुरल्या आहेत. विसाव्या शतकात जिल्हावार लावून पुन्हा छापलेली आवृत्ती निघाली. ती ग्रंथालयात मिळाली तर तीच घ्या. सगळी पाने इंटरनेटवरही फुकट आहेत.

हे वाचताना एक अडचण येते, ती कोणी आधी सांगत नाही. १७९० च्या दशकातल्या छपाईत इंग्रजी 'एस' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांबट असते आणि ते हुबेहूब 'एफ'सारखे दिसते. संगणकाने पाने वाचताना पुष्कळदा त्याचा एफच केला. म्हणजे सॅमन मासा शोधायचा तर 'फॅमन' असा, एफने सुरू करून, शोधावा लागतो. 'एसने शोधले, काही नाही' म्हणून लोक निराश होऊन परत जातात, आणि नोंद मात्र तिथेच असते.

या पाद्र्यांच्या लेखनाची चव घ्यायची तर कर्कमायकल पॅरिशचे प्रकरण उघडा. टोमिनटूल हे डोंगरातले गाव त्या पॅरिशमध्ये येते. गॉर्डनच्या ड्यूकने ते १७७६ मध्ये आखून वसवले. पाद्री लिहितो की इथे ३७ कुटुंबे आहेत, सगळी व्हिस्की विकतात आणि सगळी व्हिस्की पितात. हे वाक्य आता प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत आहे. पण त्याच परिच्छेदात, त्याच दमात, तो म्हणतो की या कुटुंबांना गुंतवून ठेवील असा एकही उद्योग गावात नाही. ड्यूकने सरळ रस्ते आखले, जागा वाटल्या, पण पोटापाण्याचे साधन उभे राहिले नाही. हे दुसरे वाक्य पुस्तिकेत येत नाही. स्थानिक इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात एखादे झणझणीत वाक्य उद्धृत केलेले दिसले की मूळ पान काढून आगेमागे दहा ओळी वाचायच्या, ही सवय मला या एका परिच्छेदाने लावली.

'न्यू स्टॅटिस्टिकल अकाउंट' १८३४ ते १८४५ या काळातले, १५ खंडांचे. हे पहिल्यापासूनच काउंटीवार आहे, त्यामुळे सोपे जाते. मात्र प्रत्येक पॅरिशच्या उत्तराखाली साल बघा. कारण १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फुटून गेलेल्यांचे फ्री चर्च वेगळे झाले. पाद्री कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावरून ही फूट पडली आणि त्या भांडणातला एक मोठा भडका बँफशायरमध्येच, मार्नोकला उडाला. जानेवारी १८४१ मध्ये नको असलेला पाद्री लादला जात असताना तिथली सगळी मंडळी चर्चमधून उठून बाहेर बर्फात चालती झाली. १८४३ नंतरचे तुमच्या माणसाचे नाव पॅरिशच्या नोंदवहीत सापडत नसेल तर तो मेला किंवा देश सोडून गेला असे समजू नका. तो बहुधा रस्त्यापलीकडच्या फ्री चर्चमध्ये गेला असेल. १८५५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. तिथून पुढे हा घोळ नाही.

तिसऱ्या 'अकाउंट'चा बँफशायरचा खंड १९६१ चा, हेन्री हॅमिल्टन यांच्या संपादनाखाली. एकदा चाळा, पुरे.

आता ज्या पुस्तकाबद्दल मला खरोखर सांगायचे आहे ते. विल्यम क्रॅमंड हे कलनच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी 'अॅनल्स ऑफ बँफ' दोन खंडांत काढले, १८९१ आणि १८९३ मध्ये, जुने कागद छापणाऱ्या न्यू स्पॉल्डिंग क्लब या संस्थेतर्फे. त्याआधी १८८८ मध्ये 'अॅनल्स ऑफ कलन' निघालेच होते. एक शाळामास्तर, शाळा सांभाळून, गावोगावच्या नगरसभेच्या आणि चर्चच्या जुन्या वह्या मागवून आणतो, ते दुर्वाच्य हस्ताक्षर लावतो आणि वर्षावार उतरवून काढतो. बाजाराचे नियम, बंदराची डागडुजी, मास्तरचा पगार, रात्री दंगा करणाऱ्याला दंड, रविवारी चर्च चुकवणाऱ्याला समज. आपल्याकडे दप्तरे चाळणाऱ्यांची जी परंपरा आहे तिची ज्याला माया आहे त्याला क्रॅमंड वाचताना घरी आल्यासारखे वाटेल. मला तरी वाटले. विकत एकच घ्यायचे असेल तर हेच घ्या.

पण दोन गोष्टी मनात ठेवा. एक म्हणजे हे उतारे आहेत. क्रॅमंड यांनी जे निवडले ते आपण वाचतो. जे रोजचे, कंटाळवाणे, शंभरदा आलेले, ते त्यांनी गाळले असणार, आणि रोजचे तेच पुष्कळदा आपल्याला हवे असते. एखाद्या विषयावर ठाम काही म्हणायचे असेल तर मूळ वही मागवा.

दुसरी गोष्ट पैशांची आणि मापांची. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या १७०७ च्या एकीकरणाआधीच्या नोंदीत 'पाउंड' दिसला की तो बहुतेक स्कॉट्स पाउंड असतो. इंग्रजी पाउंडाचा तो बारावा हिस्सा. 'मर्क' म्हणजे स्कॉट्स पाउंडाचा दोन-तृतीयांश. पगार पुष्कळदा धान्यात, बोल आणि फर्लट या मापांत: चार फर्लटांचा एक बोल. माझ्यासमोर एका गृहस्थांनी आपल्या पूर्वजाला झालेला दंड आजच्या हिशेबात बारापट मोठा धरून त्यावर अख्खी कुटुंबकथा रचली होती. त्यांना खरे सांगताना जीव अवघडला. एक सोय मात्र आहे: स्कॉटलंडने १६०० सालापासूनच वर्ष १ जानेवारीला सुरू केले, त्यामुळे इंग्लंडच्या जुन्या कागदांतला (तिथे वर्ष २५ मार्चला बदलत असे) फेब्रुवारी-मार्चचा घोळ इथे होत नाही.

बँफच्या इतिहासात सगळ्यांना खेचणारी गोष्ट म्हणजे जेम्स मॅकफर्सन. फिडल वाजवणारा दरोडेखोर, नोव्हेंबर १७०० मध्ये बँफला फाशी गेला. गोष्ट अशी की त्याची माफी घेऊन स्वार येत होता, ते कळताच बँफकरांनी गावचे घड्याळ पुढे केले आणि माफी पोचायच्या आत त्याला लटकवले. फाशीआधी त्याने आपले फिडल फोडले, असेही सांगतात. त्याच्यावरचे गाणे इतके लोकप्रिय की कवी रॉबर्ट बर्न्सने त्याला आपले रूप दिले. आता कागद बघा. 'इजिप्शियन' म्हणून, म्हणजे भटक्या जिप्सी टोळीतला म्हणून, चाललेल्या त्या खटल्याची कागदपत्रे स्पॉल्डिंग क्लबने १८४६ मध्ये छापली आहेत. त्यात आरोप, साक्षी आणि शिक्षा आहे. घड्याळ आहे ते गाण्यात आणि लोकांच्या तोंडी. म्हणून गोष्ट टाकून देऊ नका. बँफच्या लोकांबद्दल शेजारच्या गावांना काय वाटत होते, याचा तो पुरावा आहे. फक्त तो १७०० सालाचा पुरावा म्हणून वापरू नका. ज्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या नाहीत ते पुस्तक मी नवख्या वाचकाच्या हाती देत नाही.

डफ घराण्यासाठी दोन पुस्तके लागतील, दोन्ही अॅलिस्टर आणि हेन्रिएटा टेलर या भावाबहिणींची. 'द बुक ऑफ द डफ्स' १९१४ चे, दोन खंड. त्यात घराण्याच्या फांद्या उलगडल्या आहेत आणि ग्रँट डफची आई ज्या डफांची, त्यांचा माग तुम्हाला तिथे काढता येईल. दुसरे 'लॉर्ड फाइफ अँड हिज फॅक्टर', १९२५ चे. फॅक्टर म्हणजे जमीनदाराचा कारभारी. दुसरा अर्ल ऑफ फाइफ आणि त्याचा कारभारी विल्यम रोझ यांच्यातली ही पत्रे. मालक दूर, कारभारी जागेवर, मधे जमीन, कुळे, झाडे, बंदर, निवडणुका. याच अर्लने डून नावाच्या कोळीवाड्याचे नाव बदलून १७८३ मध्ये मॅकडफ केले. त्यामुळे त्याआधीच्या कागदांत मॅकडफ शोधू नका, डून शोधा. वंशावळीच्या पुस्तकापेक्षा ही पत्रे मला जास्त मोलाची वाटतात, कारण त्यांत माणसे बोलतात. बँफमधला डफ हाउस हा वाडा, विल्यम अॅडमने १७३५ मध्ये सुरू केलेला, आधी बघून या आणि मग पत्रे वाचा. वाड्याच्या दोन्ही बाजूंचे पंख कधी बांधलेच गेले नाहीत, कारण मालक आणि वास्तुरचनाकार पैशांवरून कोर्टात गेले. समोर उभे राहिले की ते अर्धेपण डोळ्यांना जाणवते.

आतापर्यंत सांगितलेली पुस्तके पाद्र्यांची, मास्तरांची आणि जमीनदारांची झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी वॉल्टर ग्रेगर वाचा. कीथजवळ जन्मलेला हा माणूस स्वतः पाद्री होता. 'द डायलेक्ट ऑफ बँफशायर' १८६६ चे आणि ईशान्येच्या लोकसमजुतींवरचे पुस्तक १८८१ चे. समुद्रावर काही शब्द उच्चारायचेच नाहीत अशी मच्छीमारांची रीत त्याने नोंदवली: डुक्कर नाही, सॅमन नाही आणि 'मिनिस्टर', म्हणजे पाद्री, हाही नाही. त्याला 'काळ्या कोटाचा माणूस' म्हणायचे. पाद्र्यालाच अशुभ मानणाऱ्या लोकांच्या समजुती एका पाद्र्याने इतक्या आपुलकीने, उपदेश न करता उतरवाव्यात, याचे मला आजही कौतुक वाटते.

याच किनाऱ्यावर 'टी-नेम' हा प्रकार आहे. बकी, फिंडॉख्टी, पोर्टनॉकी या गावांत आडनावे मोजकीच: स्मिथ, कावी, फ्लेट. एकाच गावात एकाच नावाआडनावाचे दहा-बारा लोक. मग प्रत्येक घराला एक जोडनाव. हे टोपणनाव थट्टेचे नव्हे. मालमत्तेच्या याद्यांत आणि थडग्यांच्या दगडांवरही ते येते. पूर्वज शोधणाऱ्याने कंसातले किंवा शेवटी जोडलेले हे नाव टिपून ठेवलेच पाहिजे. ते गाळले की चुलतभाऊ आणि परका यांत फरक करता येत नाही.

कॅथलिकांचा इतिहास वेगळा वाचावा लागतो, कारण पॅरिशचे पाद्री प्रॉटेस्टंट आणि त्यांच्या लिखाणात हे लोक ओझरते येतात. ग्लेनलिव्हेटच्या डोंगरात स्कॅलन नावाचे गुपचूप चालवलेले सेमिनरी होते, कायद्याने बंदी असताना तिथे कॅथलिक पाद्री तयार होत. १७९९ ला ते बंद झाले. जॉन वॉट्स यांचे १९९९ चे पुस्तक त्यावर उत्तम आहे.

नकाशांशिवाय मात्र यातले काहीच नीट कळत नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे एकोणिसाव्या शतकातले मोठ्या प्रमाणमापाचे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, शेतांची कुंपणे आणि विहिरी दिसतील इतके बारीक. त्यांच्याबरोबर नावांच्या वह्या वाचा. सर्व्हेवाले प्रत्येक जागेचे नाव नकाशावर घालण्याआधी स्थानिक माणसांना विचारत. वहीत नाव, ते असेच लिहितात असे सांगणाऱ्यांची नावे आणि जागेचे दोन ओळींत वर्णन असते. बँफशायरच्या वह्या १८६७ ते १८६९ च्या आहेत. आणि उच्चार कानावर पडू द्या. 'राथव्हेन' असे लिहिलेले रॅफन म्हणून बोलतात, 'फिंडॉख्टी'चे फिनेख्टी होते, आणि अॅबरचर्डरला आसपासचे लोक फॉगीलोन म्हणतात. काउंटरवर तुम्ही लिहिल्याप्रमाणे उच्चार केलात तरी कोणी हसणार नाही. पण जुना कारकून ऐकीव नाव ऐकल्यासारखे लिहून मोकळा झालेला असतो, म्हणून शोधताना दोन्ही रूपे हाताशी हवीत.

खरेदीबद्दल. 'अॅनल्स ऑफ बँफ' एकच खंड दाखवून पूर्ण म्हणून विकलेले मी पाहिले आहे. दोन्ही आहेत का विचारा. दुसऱ्या खंडात चर्च आणि शाळेची माहिती आहे, तो सोडू नका. मागणीनुसार छापून देणाऱ्या स्वस्त प्रती टाळा. मी एकदा अशी एक मागवली तर घडीचे नकाशे घडी न उलगडताच स्कॅन केलेले निघाले, निम्मा नकाशा गायब. फुकट पीडीएफ त्यापेक्षा बरी. ग्रंथालयाने काढून टाकलेली जुनी प्रत मिळाली तर शिक्क्यांकडे दुर्लक्ष करा, पण मागच्या खिशातला नकाशा आहे का ते आधी हात घालून बघा. बँफशायर फील्ड क्लब १८८० पासूनचा आहे. त्याच्या वार्षिक अंकांतले छोटे निबंध जाड पुस्तकांपेक्षा पुष्कळदा कामाला येतात.

तुमच्यासाठी पहिल्या शनिवारचे काम: 'न्यू अकाउंट'चा बँफचा नव्हे, अॅबर्डीनशायरचा खंड मागवा आणि किंग एडवर्ड उघडा. हे उत्तर लिहिले गेले तेव्हा ग्रँट डफ त्याच पॅरिशमध्ये ईडनला जमीन करत होता. १८२९ मध्ये तिथे जन्मलेल्या मुलाला त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले होते, तोच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. मग अॅबर्डीनशायरच्या नावांच्या वहीत ईडन काढा आणि त्या नावापुढे कोणाकोणाच्या साक्षी घेतल्या आहेत ते टिपून ठेवा. ती माणसे शेजारची कुळे निघाली तर त्यांची थडगी किंग एडवर्डच्या जुन्या चर्चजवळ शोधायला जाता येईल. जाताना टॉर्च आणि मऊ ब्रश न्या. दगडावर खडू किंवा पीठ घासू नका.